गोळी वेळेवर पोचते तेव्हा

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या छोट्या गावातून आरोग्य खात्याकडे तक्रार गेली ती आजाराची नव्हती, पिसवांची होती. घराघरांत पिसवा झाल्या होत्या आणि उंदीर मरून पडत होते. मग तापाचे रुग्ण दिसू लागले. त्यांतल्या काहींच्या जांघेत, काखेत दुखऱ्या गाठी आल्या. जांघेत अवधाण येणे शेतात राबणाऱ्या माणसाला नवलाचे नसते. पायात काटा मोडून पिकला तरी अवधाण येते आणि काटा निघाला की बसते. पण पिसवा, मेलेले उंदीर, फणफणता ताप आणि गाठ हे सगळे एकाच गावात एकाच वेळी दिसले, की डॉक्टरच्या मनात पहिले नाव येते प्लेगचे. भारतात माणसाला प्लेग झाल्याची शेवटची नोंद १९६६ सालची होती. मधल्या २८ वर्षांत डॉक्टरांची अख्खी पिढी प्लेगचा एकही रुग्ण न पाहता शिकून बाहेर पडली होती.

हे मामल्यातच का घडले, याचा माग काढणाऱ्यांना एक वर्ष मागे जावे लागले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने शेजारचे लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, हे जिल्हे हादरले. भीती सगळ्या मराठवाड्यात पसरली. घरात झोपायला लोक धजावेनात. माणसे बाहेर आणि धान्य आत, अशा घरांत उंदरांचे फावले. रानातल्या उंदरांमध्ये वर्षानुवर्षे गुपचूप टिकून राहिलेला जंतू त्यातून घरातल्या उंदरांपर्यंत, त्यांच्या अंगावरच्या पिसवांपर्यंत आणि शेवटी माणसापर्यंत आला, अशी कारणमीमांसा तेव्हा मांडली गेली.

पुढे जे झाले ते नीट पाहण्यासारखे आहे. गावात कीटकनाशकाची फवारणी झाली. आधी पिसवा मारायच्या आणि मगच उंदरांकडे वळायचे, हा प्लेगच्या साथीतला जुना नियम आहे. कारण उंदीर मेला की त्याच्या अंगावरची उपाशी पिसू दुसरे ऊबदार अंग शोधते आणि घरात ते माणसाचेच असते. रुग्णांना आणि त्यांच्या आसपासच्यांना टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दिल्या गेल्या. त्या वर्षीच्या साथीत देशभरात ६९३ संशयित रुग्ण मोजले गेले. त्यांतले ४८८ महाराष्ट्रातले होते. देशात ५६ जण दगावले, ते जवळजवळ सगळे सुरतेत. महाराष्ट्रातल्या ४८८ जणांपैकी कुणीही दगावल्याची नोंद नाही.

हा खरोखर प्लेगच होता का, यावर पुढे बराच वाद झाला. केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हैदराबादच्या पेशी आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञांनी जिवाणूंच्या जनुकांचा अभ्यास करून २००० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला: १९९४ च्या साथीतला जंतू यर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगचाच होता.

जिवाणूंचे आजार आणि त्यांवरची प्रतिजैविके या विषयाची ओळख करून द्यायची तर बीड जिल्ह्याहून बोलकी जागा शोधूनही सापडणार नाही. मध्ययुगीन युरोप ज्या रोगाने ओस पडला, तो येथे एका साध्या गोळीने रोखला. आणि याच जिल्ह्यात, याच वर्गातली औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळण्याची सोय असताना, हजारो बायकांनी दुखण्यापायी गर्भपिशवी काढून घेतली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या, की औषधाचा खरा कस कुठे लागतो ते कळते.

गोळी नव्हती तेव्हा काय होत होते, हे महाराष्ट्राला पुस्तकातून शिकावे लागत नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचा रुग्ण ओळखला. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्देमार हाफकिन यांनी स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. पण लस रोग टाळायला मदत करते. ज्याला रोग झाला, त्याच्या उशाशी बसलेल्या डॉक्टरच्या हातात देण्यासारखे काही नव्हते. गाठीच्या प्लेगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण जात. पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या सोजिरांनी घरे झडतीला घेतली, माणसे छावण्यांत हलवली आणि २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्या सगळ्या बळजबरीच्या मुळाशी एक अगतिकता होती: औषध नसले की उरतो तो रुग्णाला वेगळे काढण्याचा उपाय, आणि राज्यकर्ता निर्दय असला की तोच छळ होतो.

त्याच वर्षी मुंढव्याजवळ पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या लहान मुलाला प्लेग झाला. सावित्रीबाई फुले यांनी त्याला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंत यांच्या, हडपसर परिसरातल्या दवाखान्यात पोचवले. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या या मृत्यूकडे आजच्या वैद्यकाच्या नजरेने पाहिले की मन अस्वस्थ होते. आज त्या लागणीवरचे औषध तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. रुग्णाच्या सहवासात आलेल्या माणसाला डॉक्टर आठवडाभर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात.

१८९७ आणि १९९४ यांच्या मधल्या काळात काय बदलले, त्याची गोष्ट सहसा लंडनपासून सांगतात: १९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या बशीतली बुरशी, मग ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी तिच्यातून वेगळे काढलेले पेनिसिलिन. ते खरेच आहे. पण महाराष्ट्रालाही या गोष्टीत जागा आहे. फेब्रुवारी १९४४ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा अखेरच्या आजारात होत्या. देवदास गांधी यांच्या खटपटीने त्यांच्यासाठी दुर्मीळ पेनिसिलिन विमानाने आणले गेले. दर काही तासांनी सुई टोचून तिला आता आणखी यातना नकोत, असे गांधीजींनी ठरवले आणि ते दिले गेले नाही. २२ फेब्रुवारीला कस्तुरबा गेल्या. पेनिसिलिनने त्या वाचल्या असत्या का, हे कुणालाच सांगता येणार नाही. हृदय आणि फुप्फुसे दोन्ही थकली होती. त्यानंतर दहा वर्षांनी, १९५४ मध्ये, तिथून फार लांब नसलेल्या पिंपरीत जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जे औषध विमानाने आणावे लागत होते, त्याच्या बाटल्या पुण्याजवळ भरू लागल्या.

मात्र पिंपरीचे पेनिसिलिन मामल्याच्या कामाचे नव्हते. प्लेगवर पेनिसिलिन चालत नाही. विषयाची निम्मी गुरुकिल्ली या एका वाक्यात आहे, म्हणून येथे थोडे थांबायला हवे.

जिवाणू म्हणजे एकाच पेशीचा जीव. तो खातो, वाढतो, दोन होतो; आतड्यातला ई. कोलाय चांगले अन्न मिळाले तर वीस मिनिटांत दुप्पट होतो. माणसाच्या अंगावर आणि आतड्यांत कोट्यवधी जिवाणू सुखाने नांदत असतात आणि त्यांचा उपयोगही असतो. थोडे जातभाई मात्र घातक असतात, आणि काही निरुपद्रवी जिवाणू आपली जागा सोडून भलत्या ठिकाणी शिरले की घातक ठरतात. प्रतिजैविकाचे सारे कौशल्य यात आहे की, जिवाणूच्या पेशीत असलेल्या पण माणसाच्या पेशीत नसलेल्या भागावर घाव घालायचा. पेनिसिलिन जिवाणूच्या बाहेरच्या भिंतीचे बांधकाम बिघडवते. माणसाच्या पेशीला तशी भिंतच नसते. टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या पेशीत शिरून प्रथिने तयार करणारी यंत्रणा अडवतात. तीही माणसाच्या यंत्रणेपेक्षा वेगळ्या घडणीची असते. विषाणूला यातले काहीच नसते. ना भिंत, ना स्वतःची प्रथिने करणारी यंत्रणा. म्हणून सर्दी, फ्लू, डेंग्यू यांवर प्रतिजैविक कितीही महागडे दिले तरी ते त्या विषाणूचे काही बिघडवू शकत नाही.

मामल्यात वाटली गेलेली गोळी ज्या घराण्यातली, त्याचा मूळ पुरुष म्हणजे ऑरिओमायसिन. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाच्या एका शेताच्या मातीत सापडलेल्या सूक्ष्म जीवातून बेंजामिन डग्गर यांनी ते काढले आणि १९४८ मध्ये ते जगापुढे आले. डग्गर ज्या लेडर्ले प्रयोगशाळेत काम करत होते, तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. ऑरिओमायसिन जाहीर झाले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले. आपल्याकडच्या शालेय पुस्तकांत फ्लेमिंग हमखास भेटतात, सुब्बाराव क्वचितच. हे बदलायला हवे.

मामल्यात गोळी माणसापर्यंत चालून गेली. सुरतेत माणसे गोळीमागे धावली. २१ सप्टेंबर १९९४ च्या रात्री तिथे फुप्फुसाच्या प्लेगाची बातमी फुटली आणि औषधाच्या दुकानांतला टेट्रासायक्लिनचा साठा बघता बघता संपला. दोन दिवसांत सुमारे तीन लाख लोक शहर सोडून गेले. त्यांत खानदेशातून पोटासाठी तिथे गेलेले मराठी कामगारही होते. फुप्फुसाचा प्लेग खोकल्यातून पसरतो आणि लक्षणे दिसल्यापासून एका दिवसाच्या आत औषध सुरू झाले नाही, तर रुग्ण हाताला लागणे कठीण असते. म्हणजे ज्याला गोळी हवी होती त्याला ती तासांच्या हिशेबात हवी होती. त्याच वेळी कुठलाही संपर्क नसलेल्या असंख्य लोकांनी ती खिशात, पिशवीत भरून नेली. काहींनी ती खाल्ली, काहींनी दोन दिवस खाऊन सोडली. भीतीने भरलेल्या शहराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण तीच वागणूक भीती नसतानाही अंगवळणी पडली, तर त्याचे काय होते?

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारगावात, कड्यात असो की केजात, मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहिले की उत्तर दिसते. ‘अंग दुखतंय, घसा धरलाय, पॉवरची गोळी द्या.’ कागद नसतो. कात्रीने पाकिटाची दोन-तीन गोळ्यांची तुकडी कापली जाते. पाकिटावरची लाल रेघ कधी कापलेल्या भागात येते, कधी दुकानातच राहते. ती रेघ सांगते की डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध घेऊ नये. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच१ लागू आहे. त्यानुसार ठरावीक प्रतिजैविके विकताना रुग्णाचे, डॉक्टरचे आणि औषधाचे नाव वेगळ्या वहीत लिहायचे आणि ती वही तीन वर्षे जपायची. कायदा आहे. पण दवाखाना लांब, एक दिवसाची मजुरी बुडणार, डॉक्टरची फी वेगळी, एवढे सगळे समोर असताना दोन गोळ्या मागणाऱ्या माणसाला अडाणी म्हणणे अन्यायाचे आहे. तो आपल्या खिशाप्रमाणे हिशेब करतो. त्याला तो हिशेब करावा लागू नये, ही जबाबदारी इतरांची आहे.

अर्धवट घेतलेल्या किंवा विनाकारण घेतलेल्या औषधाचे पुढे काय होते, ते फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल भाषणातच बजावून ठेवले होते: जिवाणूंना मारायला अपुरे पडेल इतके औषध दिले तर ते त्याला दाद न देणारे होतात. जिवाणूंच्या गर्दीत थोडे मुळातच चिवट असतात. औषधाने बाकीचे मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. शिवाय जिवाणू ही प्रतिकाराची विद्या जनुकांच्या छोट्या कड्यांतून एकमेकांना देतात, अगदी वेगळ्या जातीच्या जिवाणूलाही. १९९५ मध्ये मादागास्करमध्ये प्लेगच्या एका सोळा वर्षांच्या रुग्णाच्या अंगात यर्सिनिया पेस्टिस सापडला, तो स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिनसह प्लेगवरच्या अनेक औषधांना दाद न देणारा होता. मामल्यानंतर जेमतेम वर्षभरातली ही गोष्ट. तो जंतू पसरला नाही, हे सर्वांचे नशीब. क्षयाच्या बाबतीत नशीब तितके उदार नव्हते: मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या सर्व औषधांना पुरून उरलेल्या क्षयाचे चार रुग्ण जगापुढे मांडले. २०१९ या एका वर्षात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट दगावली, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

कोणते औषध चालेल हे अंदाजाने ठरवण्याऐवजी जिवाणूलाच विचारण्याची एक पद्धत आहे आणि ती पाहण्यासारखी असते. अंबाजोगाईला १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. आशियातले पहिले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ख्याती. अशा महाविद्यालयातल्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत रुग्णाची लघवी, पू किंवा रक्त येते. त्यातला जिवाणू आधी वाढवतात. मग काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या गोल बशीत फिकट पिवळसर आगरचा थर असतो, त्यावर कापसाच्या बोळ्याने तो जिवाणू सगळीकडे सारखा पसरतात. वर बोटाच्या नखाहून लहान कागदी चकत्या ठेवतात. प्रत्येक चकतीत एकेक औषध मुरवलेले, त्यावर बारीक अक्षरांत त्याची खूण. बशी रात्रभर माणसाच्या अंगाइतक्या उबेत राहते. सकाळी सगळ्या बशीवर धूसर साय आलेली असते, फक्त काही चकत्यांभोवती स्वच्छ वर्तुळे दिसतात. तिथे औषधाने जिवाणूला उगवू दिलेले नसते. पट्टीने ती वर्तुळे मिलिमीटरमध्ये मोजतात. एखाद्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत साय भिडलेली असते. ते औषध त्या रुग्णाला देऊन उपयोग नाही. कल्चर-सेन्सिटिव्हिटी म्हणतात ती हीच. जिवाणू वाढवण्यापासून अहवाल हाती येईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. तोवर डॉक्टर अनुभवाने औषध सुरू करतात आणि अहवाल आला की गरजेप्रमाणे बदलतात.

हे अंबाजोगाईत होते. ऊसतोडीच्या फडात होत नाही. विषयाचा सर्वांत दुखरा भाग तिथे आहे.

दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातल्या गावांतून टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते आणि ती नवरा-बायकोच्या जोडीला मिळून असते. त्या जोडीला एक कोयता म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात कारखान्यांच्या परिसरात त्यांची कोपी, म्हणजे झोपडी, उभी राहते. पहाटेपासून ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडीत भरायच्या. गाडी रात्री-अपरात्री आली तरी भरायची. एक दिवस काम चुकले की खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीत चढतात. कोपीजवळ संडास नसतो, न्हाणी नसते, पाणी लांबून आणायचे. पाळीच्या दिवसांतही काम तेच, कापड तेच, ते धुवून वाळवायला आडोसा नाही. लघवीला जायची सोय नाही म्हणून बायका पाणी कमी पितात. लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग यायला याहून पोषक परिस्थिती नको. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोटात दुखते, कंबर धरते. सहा महिने ते अंगावर काढायचे आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येऊन डॉक्टरकडे जायचे.

तिथे पुढे काय झाले ते २०१९ मध्ये देशभर गाजले. एप्रिलमध्ये वृत्तपत्रांनी बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांबद्दल लिहिले. जूनमध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधिमंडळात सांगितले की, जिल्ह्यात तीन वर्षांत अशा ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे दर सहा बायकांत एकीहून थोडे अधिक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशाचे हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होते. पाहणीतले वयोगट अगदी सारखे नाहीत हे धरूनही हा फरक डोळ्याआड करता येत नाही.

या सगळ्याच शस्त्रक्रिया अनावश्यक होत्या असे नाही. मोठ्या गाठी असतात, न थांबणारा रक्तस्राव असतो, कॅन्सर असतो; तिथे पिशवी काढणे हाच उपचार असतो. पण पत्रकारांशी आणि कार्यकर्त्यांशी बोललेल्या कितीतरी बायकांनी सांगितले ते एकसारखे होते: पांढरे जाते, पोट दुखते म्हणून गेले, पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल असे सांगितले, आणि काढून टाकली. अनेक जणी तिशीच्या आतबाहेरच्या. ऑपरेशनचा खर्च पुन्हा उचल घेऊन भागवलेला. पिशवीबरोबर बीजकोषही गेले तर पाळी जाण्याची सगळी लक्षणे अकाली सुरू होतात, हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि कंबरदुखी, जिच्यासाठी हे सगळे केले, ती तशीच मोळी उचलताना पुन्हा भेटते.

वैद्यकाच्या दृष्टीने ‘पांढरे जाणे’ हा एक आजार नाही. काही स्राव नैसर्गिकच असतो. काही वेळा कारण बुरशी असते, काही वेळा एकपेशीय परजीवी, काही वेळा योनीतल्या नेहमीच्या जिवाणूंचा बिघडलेला समतोल. जंतू वर गर्भपिशवीपर्यंत आणि नळ्यांपर्यंत पोचले की ओटीपोटात सूज येते, ताप येतो. वेळीच उपचार झाला नाही तर वंध्यत्व येऊ शकते, नळीत गर्भ राहण्याचा धोका वाढतो, पोटाचे जुनाट दुखणे मागे लागते. प्रत्येकाचे औषध वेगळे. बुरशीवर प्रतिजैविक दिले तर बुरशी उलट वाढू शकते. म्हणून तपासणी हवी. आणि प्रयोगशाळा जवळ नसेल तर काय करायचे, याचाही विचार देशाच्या आरोग्ययंत्रणेने करून ठेवला आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या कार्यक्रमात लक्षणांवरून द्यायची औषधांची रंगीत किट ठरलेली आहेत. पांढऱ्या स्रावासाठी हिरवे किट. ओटीपोटाच्या दुखण्यासाठी सहा क्रमांकाचे पिवळे किट: सेफिक्झिमची एक गोळी, मेट्रोनिडॅझोलच्या २८ आणि डॉक्सिसायक्लिनच्या २८. रोज सकाळ-संध्याकाळ, १४ दिवस. सरकारी रुग्णालयाच्या सुरक्षा क्लिनिकमध्ये ते मोफत द्यायचे असते.

डॉक्सिसायक्लिन, म्हणजे टेट्रासायक्लिनचीच धाकटी बहीण. मामल्यात ज्या घराण्याचे औषध आरोग्य कर्मचाऱ्यांनी हातात आणून दिले, त्याच घराण्याचे हे औषध. १९९४ मध्ये रोगाचे नाव प्लेग होते, जग पाहत होते आणि सगळे खाते कामाला लागले. ऊसतोड बाईच्या दुखण्याला नाव कुणी दिले नाही. ते ‘बायकांचे दुखणे’ म्हणून कोपीतच राहिले. पिशवी काढताना मात्र तिला प्रतिजैविक मिळालेच, कारण शस्त्रक्रियेत जखम पिकू नये म्हणून ते द्यावेच लागते. मूळ संसर्गावर मिळायला हवे होते तेव्हा मिळाले नाही. यात राग येण्यासारखे जे आहे, ते सौम्य शब्दांत लपवण्याचे कारण नाही.

चौदा दिवसांचा कोर्स फडात पुरा होणे सोपे नाही, हेही तितकेच खरे. मेट्रोनिडॅझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, मळमळते; डॉक्सिसायक्लिन रिकाम्या पोटी जळजळते आणि उन्हात काम करणाऱ्याची कातडी लवकर भाजते. गरोदर बाईला डॉक्सिसायक्लिन देत नाहीत, म्हणून आधी पाळीची चौकशी आणि गरज पडली तर तपासणी करायची. संसर्ग लैंगिक संबंधातून आलेला असेल तर नवऱ्यालाही औषध द्यावे लागते. नाहीतर बाई बरी होते आणि पुन्हा तोच संसर्ग घेते. कोयता जोडीचा असतो, तसे हे औषधही जोडीने घ्यायचे आहे, हे सांगायला वेळ देणारा माणूस लागतो. बहुतेक ठिकाणी तो माणूस म्हणजे आशाताई, आणि ती गावात असते, फडात नसते.

गोऱ्हे समितीने सुचवलेल्या उपायांत कामगार महिलांची हंगामाला जाण्याआधी आणि परतल्यावर आरोग्य तपासणी, प्रत्येकीचे आरोग्य कार्ड आणि खासगी रुग्णालयांतल्या गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियांवर देखरेख यांचा समावेश आहे. बीडमध्ये अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२२ मध्ये अनावश्यक गर्भपिशवी शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत लागू करण्याचे राज्यांना सांगितले. कागदावर हे सगळे योग्य दिशेने आहे. पण परवानगीचा नियम फक्त शस्त्रक्रिया अडवतो. त्या बाईचे ओटीपोट त्यानंतरही दुखतच असते. परवानगी नाकारलेल्या बाईच्या हातात दुसऱ्या दिवशी कोणते औषध पडले, तिची अंतर्गत तपासणी कुणी केली, चौदा दिवसांनी तिला पुन्हा कुणी पाहिले, याची नोंद ठेवणारी वही हवी.

पुढची पाने वाचताना वाचकाला टायफॉइड, न्यूमोनिया, क्षय, जखमा पिकणे, लघवीचा जंतुसंसर्ग असे घरोघरचे आजार भेटतील. त्यातले प्रत्येक औषध कसे चालते, किती दिवस घ्यायचे, कधी अजिबात घ्यायचे नाही, हे त्या त्या ठिकाणी येईल. वाचताना एवढेच विचारत राहावे: या रुग्णाला तपासले कुणी, किती लवकर, आणि औषध ठरवताना जिवाणूचे नाव माहीत होते की नाही. बीड जिल्ह्यातून दर ऑक्टोबर-नोव्हेंबरात टोळ्यांचे ट्रॅक्टर सांगली, कोल्हापूर, सातारा, बेळगावच्या दिशेने लागतात. कुठल्या गावातून किती कोयते कुठल्या कारखान्यावर जाणार, हे मुकादमाच्या वहीत आधीच लिहिलेले असते. ती यादी गावातल्या आरोग्य केंद्राला आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला मिळाली, तर गावात सुरू केलेला कोर्स फडाजवळ पुरा करता येईल आणि तिकडे घेतलेल्या नमुन्याचा अहवाल बाईच्या मागे गावापर्यंत येऊ शकेल.